आपल्या पोझिशनला साजेसा रायफल स्टॉक कसा निवडावा?

अनुष्टुभ

नमस्कार मंडळी,

क्लबच्या एअर रायफलवर 10 मीटर आता बऱ्यापैकी जमायला लागलंय. पुढची पायरी म्हणून .22 (बारीक काडतुसाची रायफल) घेऊन 50 मीटरकडे वळायचं पक्कं केलंय. अ‍ॅक्शन (काडतूस भरायची-झाडायची यंत्रणा) आणि नळी ठरली आहे, घोडं अडलंय ते स्टॉकवर, म्हणजे हे दोन्ही ज्यात बसतं त्या दस्त्यावर.

समोर तीन पर्याय आहेत. पहिला साधा लाकडी, गालाचा उंचवटा लाकडातच कोरलेला, त्यात काहीच हलत नाही. दुसरा लॅमिनेटेड लाकडाचा, त्यात चीकपीस (गाल टेकायचा भाग) आणि बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) वरखाली होतात. तिसरा अ‍ॅल्युमिनियमचा, त्यात ग्रिपपासून (उजव्या हाताने धरायची मूठ) फोरएंडपर्यंत (नळीखालचा पुढचा भाग) सगळंच सरकतं.

माझी अंगकाठी सांगतो म्हणजे बोलायला सोपं जाईल. मान लांब, त्या मानाने हात आखूड. उभ्याने नेम धरताना डावं कोपर कमरेच्या हाडावर जेमतेम टेकतं. प्रोनमध्ये (पालथं झोपून मारताना) मी रायफलच्या मागे बराचसा सरळ रेषेत झोपतो, पाय फार तिरके जात नाहीत.

नळीबद्दल, काडतुसांबद्दल आपण तासन्‌तास बोलतो, पण माणसाचा रायफलला जो स्पर्श होतो तो ट्रिगर सोडला तर सगळा स्टॉकमधूनच होतो. तरी स्टॉक मात्र बहुतेकजण दिसण्यावर घेतात असं मला वाटतं. तुम्ही निवडताना आधी काय पाहता? लांबी, गालाची उंची, ग्रिप, वजन की साहित्य?

---

लाकूडवेडा

अक्रोड. बाकी सगळं नंतर.

---

पेचकस

लाकूडवेडा, तुमचं नाव वाचूनच उत्तर कळलं होतं :)

अनुष्टुभ, लाकूड सुंदर असतं याबद्दल वाद नाही. पण ते हवेतली ओल शोषतं आणि फुगतं. साध्या लाकडी स्टॉकमध्ये फोरएंड किंचित जरी पिळलं आणि एका बाजूने नळीला चिकटलं, तर गोळ्यांचा गट सरकतो, आणि आपण आपल्याच श्वासाला दोष देत बसतो. लॅमिनेटमध्ये पातळ थर एकमेकांना चिकटवून दाबलेले असतात, त्यामुळे ते बरंच स्थिर राहतं. अ‍ॅल्युमिनियमला ओलीचा प्रश्नच नाही.

कोणताही स्टॉक हातात आला की नळी आणि फोरएंड यांच्या फटीतून कागदाची पट्टी सरकवून पाहा. पार अ‍ॅक्शनपर्यंत न अडखळता गेली तर नळी मोकळी आहे. मध्येच अडली तर तिथे लाकूड टेकतंय.

---

लाकूडवेडा

@पेचकस, नीट वाळवलेलं, आतूनही सील केलेलं आणि नीट बेडिंग केलेलं (आतला खड्डा नेमका जुळवलेला) लाकूड असं लहरी वागत नाही. पावसाळी हवेत उघड्या रेंजवर वर्षानुवर्षं तेच वापरणारे आहेत. लाकूड फुगतं म्हणून बदनाम होतं आणि खरा गुन्हेगार असतो आतला न सील केलेला खड्डा. बाहेरून चकाचक पॉलिश आणि आत कोरडं लाकूड, हा प्रकार फार पाहायला मिळतो. अ‍ॅक्शन काढून आत बघितल्याशिवाय लाकडी स्टॉक घेऊ नये, एवढं मात्र मीही सांगेन.

---

जुना खांदा

साहित्यावर भांडण सुरू झालं म्हणजे धागा योग्य वाटेला लागला म्हणायचा. पण अनुष्टुभने विचारलंय ते वेगळं आहे.

माझं मत सांगतो. स्टॉक हा शरीराकडून रायफलकडे असा मोजायचा असतो. आधी रिकाम्या हाताने पोझिशन घ्या. उभ्याची असेल तर पाय, कंबर, पाठ, डावं कोपर, सगळं जिथे स्नायूंना ताण न येता बसतं तिथे बसू द्या. मान सरळ, डोकं किंचित पुढे. आता विचारा की या शरीराच्या आत रायफल कुठे मावते? गाल जिथे आहे तिथे चीकपीस यायला हवा, गालाने चीकपीस शोधत खाली जायचं नाही. दुकानात सगळे उलटं करतात. रायफल खांद्याला लावतात, मान वाकवतात, डोळा साइटच्या मागे आणतात आणि म्हणतात, मस्त बसली. पहिल्या पाच मिनिटांत कुठलीही रायफल मस्तच बसते. एअर रायफलच्या सामन्यात 60 शॉट असतात. चाळिसाव्या शॉटला मान काय म्हणते ते महत्त्वाचं.

तपासायची एक सोपी रीत आहे. बोल्ट उघडा, चेंबर (काडतुसाची जागा) रिकामं आहे हे डोळ्याने आणि बोटाने पाहा, सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची खूण) लावा. हे घरीसुद्धा, दर वेळी, आणि तोंड सुरक्षित दिशेलाच. मग डोळे मिटून रायफल खांद्याला घ्या, गाल टेकवा, दोन-तीन श्वास घ्या आणि डोळे उघडा. मागच्या साइटच्या भोकातून पुढचं कडं मधोमध दिसलं, तर गालाची उंची जमली. पुढचं कडं खाली लपलं, तर डोळा बसतोय खालती, चीकपीस वर हवा. कडं डावी-उजवीकडे सरकलेलं दिसलं तर चीकपीसची जाडी बघा. ही जाडी बहुतेकजण विसरतात. उंची बरोबर आणि जाडी चूक असली की माणूस गाल आत दाबतो, आणि शॉट सुटताना तो दाब किंचित सैल पडला की गोळी बाजूला जाते.

थोडक्यात क्रम सांगायचा तर माझ्या लेखी गाल पहिला, मग बटप्लेट, मग ग्रिप. साहित्य सगळ्यात शेवटी.

---

वाचनमात्र

बरीच वर्षं नुसतं वाचतोय, आज विचारतो. बट (स्टॉकचं मागचं टोक) कोपराच्या वळणात ठेवायचं आणि बोट ट्रिगरपर्यंत पोचलं की लांबी बरोबर, असं सगळीकडे सांगतात. ते खरं आहे का?

---

जुना खांदा

@वाचनमात्र, त्यावरून फार तर रायफल अगदीच लहान किंवा मोठी नाही ना एवढं कळतं. त्या मापात फक्त हाताचं हाड येतं. मान किती लांब, छाती किती रुंद, नेमबाजीचं जॅकेट किती जाड, माणूस रायफलला आडवा उभा राहतो की सरळ मागे, यातलं काहीच येत नाही. लांबी म्हणजे ट्रिगरच्या पुढच्या पृष्ठभागापासून बटप्लेटच्या मध्यापर्यंतचं अंतर. कारखान्यातून येणाऱ्या साध्या रायफलींमध्ये ते साधारण साडेतेरा इंचांच्या, म्हणजे 34 सेंटीमीटरच्या आसपास असतं. ते सरासरी माणसासाठी, आणि सरासरी माणूस रेंजवर कधी येत नाही.

लांबी कमी पडली की उजव्या हाताचा अंगठा नाकाजवळ येतो, खांदा वर चढतो. जास्त झाली की डोकं पुढे ओढावं लागतं आणि ट्रिगरवर बोटाचं फक्त टोक पोचतं. ज्या जॅकेटमध्ये मारायचं, तेच घालून मोजा.

---

तीन आसनी

जुन्या खांद्याच्या क्रमाशी पूर्ण सहमत, पण अनुष्टुभ 50 मीटरला जातोय म्हणून एक गोष्ट जोडतो, कारण तिथे खेळच बदलतो.

10 मीटरला एकच पोझिशन असते, उभं राहायचं. एकदा स्टॉक लावला की वर्षभर हात लावला नाही तरी चालतं. 50 मीटर थ्री पोझिशनला मात्र नीलिंग (गुडघा टेकून), प्रोन, स्टँडिंग (उभ्याने) या क्रमाने, एकाच सामन्यात, एकाच रायफलने मारायचं. पॅरिस 2024 ला स्वप्नील कुसाळेने कांस्य मिळवलं ते याच प्रकारात. पुन्हा ती फायनल बघायला मिळाली तर निशाण्यापेक्षा पोझिशन बदलतानाचे हात बघा. बटप्लेट, चीकपीस, हँडस्टॉप (फोरएंडवर डावा हात अडवणारा तुकडा), सगळं ठरलेल्या खुणेवर जातं.

का बदलावं लागतं? प्रोनमध्ये डोकं पुढे झुकलेलं, रायफल जमिनीजवळ, डाव्या दंडाला स्लिंग (रायफलचा पट्टा) ताणलेला. त्यातही नियम असा की डाव्या हाताचा कोपरापुढचा भाग जमिनीशी किमान 30 अंशांचा कोन करायला हवा, म्हणजे अगदी चपटं झोपता येत नाही. उभ्यामध्ये डोकं सरळ ठेवायचं असतं. मग बटप्लेट खाली सरकवावी लागते, म्हणजे रायफल चेहऱ्यापर्यंत वर येते. काहीजण साइटखाली राइझर (उंची वाढवणारा ठोकळा) लावून साइट आणखी उंच करतात, आणि साइट वर गेली की चीकपीसही तेवढाच वर. नीलिंगमध्ये धड बरंच ताठ असतं, कोपर गुडघ्यावर, आणि प्रोनची लांबी तिथे बहुतेकांना जास्त वाटते.

त्यामुळे अनुष्टुभ, तुझा पहिला पर्याय थ्री पोझिशनसाठी माझ्या मते बादच. गालाचा उंचवटा एकाच उंचीवर कोरलेला असेल तर तीनपैकी दोन पोझिशनमध्ये तू त्या लाकडाची चाकरी करशील. फक्त प्रोन मारणार असशील तर गोष्ट वेगळी.

आणि तुझे हात आखूड आहेत म्हणतोस, तर उभ्यासाठी फोरएंडची खोली बघ. कोपर कमरेच्या हाडावर टेकलं की मुठीपासून नळीपर्यंत जी जागा उरते ती कशाने तरी भरायला लागते. आखूड हाताच्या माणसाला ती जास्त उरते. मग तो कंबर वर काढतो किंवा खांदा खाली पाडतो. फोरएंडखाली ब्लॉक किंवा पामरेस्ट (तळव्यावर धरायचा टेकू) लावला की हा प्रश्न संपतो. 50 मीटरला पामरेस्ट चालतो. 10 मीटर एअर रायफलला मात्र पामरेस्ट, अंगठ्यासाठी आरपार भोक असलेला स्टॉक, बटप्लेटचा हुक हे काहीच चालत नाही. वजनाची मर्यादाही वेगळी, तिकडे 5.5 किलो, इकडे 8 किलो. एका प्रकारात आवडलेला स्टॉक दुसऱ्यात नियमाबाहेर जाऊ शकतो, तेव्हा नियमपुस्तक उघडून बसा.

---

टेबलावरचा

मी बेंचवर मारतो, पुढे रेस्ट (टेकू), मागे वाळूची पिशवी. आमच्याकडे अर्ध्याहून जास्त गोष्टी उलट्या आहेत म्हणून लिहितो, म्हणजे कुणी वरचं वाचून बेंचसाठी चुकीचा स्टॉक घेणार नाही.

बेंचवर शरीराचा आधार जवळपास नसतोच. रायफल पिशव्यांवर पडून असते आणि धक्क्याने सरळ मागे घसरली पाहिजे. म्हणून फोरएंड खालून सपाट आणि रुंद, साधारण 3 इंच. बटाची खालची कड नळीला समांतर. नेहमीच्या स्टॉकमध्ये ही कड मागे जाताना खाली उतरत जाते. रायफल मागे घसरली की पिशवीवर त्या कडेचा वरचा भाग येतो, बट खाली बसतो आणि नळी वर जाते. हे गोळी नळीत असतानाच सुरू होतं, म्हणून गट उभा लांबट होतो. रेस्टवर मारताना उभा लांबट गट दिसला की आधी काडतुसं बदलायला धावू नका, बटाची खालची कड बघा.

चीकपीस आमच्याकडे जवळजवळ शोभेचा. काहीजण तर गाल टेकवतच नाहीत.

---

कमानी

सगळे .22 आणि पीसीपीवाले (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या एअर रायफलवाले) जमलेत, म्हणून स्प्रिंगवाल्यांची बाजू मांडतो.

स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा रायफल मागे येते, आणि पिस्टन टोकाला आपटला की रायफल पुढे झटका खाते. दोन्ही दिशांना हिसका, आणि छर्रा तेव्हा नळीतच असतो. त्यामुळे हातात रायफल कशी धरलीय यावर छर्रा कुठे जाणार ते ठरतं. घट्ट आवळली की एकीकडे, सैल सोडली की दुसरीकडे. आमच्यासाठी उत्तम स्टॉक म्हणजे जो आवळायची गरजच पडू देत नाही. तोल जिथे आहे तिथे फोरएंड रुंद आणि सपाट, म्हणजे उघड्या तळव्यावर रायफल नुसती ठेवता येते. ग्रिप बारीक, अंगठा बाजूला ठेवता येईल असा. खांद्याला बट नुसता लागलेला.

जुन्या मॅच रायफलींमध्ये या हिसक्यावर सुंदर तोडगा काढला होता. फाइनवेर्कबाऊ 300 मध्ये शॉट सुटला की अख्खी अ‍ॅक्शन स्टॉकच्या आत रुळावर मागे सरकते आणि स्टॉक जागच्या जागी राहतो. गालाला काही जाणवतच नाही. ती हातात घेऊन मारायला मिळाली तर जरूर मारा, स्टॉक आणि अ‍ॅक्शन यांचं नातं किती विचारपूर्वक करता येतं ते कळेल.

---

टेबलावरचा

@कमानी, +1. बेंच आणि स्प्रिंग, दोघांनाही रायफल मोकळी हवी. फक्त स्प्रिंगची रायफल कडक रेस्टवर ठेवू नका एवढंच, ती रेस्टवरून उसळते.

---

पेचकस

म्हणजे धागाकर्त्याने विचारलं एक आणि आपण चार प्रकारांचे चार स्टॉक सुचवले. बिचारा आता पाचवा शोधायला जाईल :)

---

दोन वेण्या

मी स्वतः मारत नाही, माझी मुलगी मारते. दहा वर्षांची आहे. तिच्यासाठी स्टॉक शोधताना सगळे लांबीबद्दल बोलतात. क्लबमध्ये म्हणतात मोठीच घ्या, वाढत्या वयाची आहे, येईल मापाला. पण ती उभी राहते तेव्हा रायफल तोलायला कमरेतून इतकी मागे वाकते की मला बघवत नाही. काय करावं?

---

जुना खांदा

ताई, तुम्ही बघताय तेच खरं आहे. लांबी नंतर बघू, आधी वजन. जड रायफल लांब हातावर आली की मूल पाठीच्या कण्याने ती तोलतं. वाढत्या वयात खालच्या मणक्यांवर असा भार रोज टाकायचा नाही. मुलांसाठी हलक्या रायफली मिळतात आणि त्यांच्या बटमध्ये पातळ चकत्या असतात. उंची वाढेल तशी एकेक चकती घालायची.

तोपर्यंत टेकूवर मारू द्या. स्टँडवर फोरएंड टेकवून मारलं तरी ट्रिगर, श्वास आणि नजर या तिन्हींचा सराव पूर्ण होतो. "येईल मापाला" हे कपड्यांना ठीक आहे. लांब बटाला पोचण्यासाठी मूल मान पुढे काढतं, तीच सवय हाडीमाशी मुरते आणि मग मापाची रायफल आली तरी मान पुढेच जाते. क्लबमधल्यांना शांतपणे पण ठामपणे सांगा.

---

दोन वेण्या

खूप खूप धन्यवाद काका. टेकूचं आजच बोलते त्यांच्याशी.

---

डावरी

डावखुऱ्यांची आठवण कुणालाच नाही, नेहमीप्रमाणे! उजव्या हाताच्या स्टॉकमध्ये बट किंचित उजवीकडे वळवलेला असतो, ग्रिपवर तळव्याचा फुगवटा उजव्या हातासाठी, चीकपीस डाव्या बाजूला. डाव्या खांद्यावर घेतली की फुगवटा बोटांकडे येतो आणि गाल उघड्या कडेवर. दोन्ही हातांना चालेल असा म्हणून जो विकतात तो कित्येकदा दोन्ही हातांना सारखाच गैरसोयीचा असतो. मोकळा ग्रिप बदलता येतो, बटप्लेट दोन्ही बाजूंना सरकते, चीकपीस उलटा बसतो, असा अ‍ॅल्युमिनियमचा स्टॉक माझ्यासाठी वरदान ठरला. साहित्य शेवटी बघा म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की डावखुऱ्याला साहित्यासोबतच ही मोकळीक मिळते.

---

लाकूडवेडा

@डावरी, तुमचा मुद्दा मान्य. डावखुऱ्यांसाठी लाकडात खास कोरून घ्यावं लागतं आणि ते सगळ्यांना शक्य नाही.

पण सगळं हलवता येणाऱ्या स्टॉकबद्दल माझी एक खरी तक्रार आहे. नवीन माणूस त्यात हरवतो. आज गट वाईट आला, चीकपीस दोन मिलिमीटर वर. उद्या परत वाईट, बटप्लेट तिरकी. महिनाभराने मूळ जागा कुणालाच आठवत नाही. साध्या स्टॉकवर माणूस आपली पोझिशन घडवतो, कारण दुसरं काही घडवायला नसतंच. माझ्या पाहण्यातले कितीतरी चांगले नेमबाज क्लबच्या न हलणाऱ्या लाकडावर तयार झाले.

---

तीन आसनी

लाकूडवेडा, हे तुम्ही फार महत्त्वाचं बोललात. ते पोझिशनबद्दल खरं आहे. पण चाकोरीत बसत नाही असं शरीर असेल तर साधा स्टॉक पोझिशन घडवत नाही, बिघडवतो.

माझा मार्ग मधला आहे. वही ठेवा. चीकपीसच्या दांड्यावर, बटप्लेटच्या रुळावर, हँडस्टॉपच्या पट्टीवर खुणांचे आकडे असतात. नसतील तर पातळ चिकटपट्टी लावून पेनाने रेघ मारा. प्रत्येक पोझिशनचं पान वेगळं. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, तीही थोडीशी, आणि पुढचे काही सराव तिला हात लावायचा नाही. सामन्याच्या आठवड्यात तर पाना घरीच ठेवा.

आणि एक बघा. जुन्या रायफलच्या चीकपीसवर गालाने घासून चकाकी आलेली असते. ती एकाच जागी, नाण्याएवढी असेल तर तो नेमबाज दर वेळी एकाच जागी गाल ठेवायचा. आमच्या क्लबच्या एका रायफलवर दोन चकाकणारे डाग आहेत, एक पुढे, एक दीड बोट मागे. म्हणजे वापरणारा शॉटागणिक डोकं हलवत होता. आपल्या स्टॉकवर सरावानंतर तिरक्या उजेडात ओलसर ठसा दिसतो. तो कुठे पडतोय ते आठवडाभर पाहा. कुठल्याही मापापेक्षा तो जास्त खरं सांगतो.

---

वाचनमात्र

डागांचं हे भारीच. वाचनखूण साठवली.

अवांतर: उजव्या हाताने मारणाऱ्याचा डावा डोळा प्रबळ असेल तर स्टॉक बदलून उपयोग होतो का?

---

डावरी

@वाचनमात्र, वाकडा स्टॉक करून दुसरा डोळा नळीवर आणायचे प्रयोग झालेत, पण निशाणेबाजीसाठी त्यापेक्षा सोपं म्हणजे डाव्या डोळ्यासमोर अर्धपारदर्शक पट्टी लावायची. डोळा गच्च मिटू नका, त्याने उघड्या डोळ्यालाही ताण येतो. नवशिके असाल आणि सवय पक्की झाली नसेल तर सरळ डाव्या खांद्यावर या, आमची संख्या वाढेल :)

---

अनुष्टुभ

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

जुन्या खांद्याने सांगितलेली डोळे मिटायची रीत क्लबच्या एअर रायफलवर करून पाहिली. चेंबर रिकामं, फ्लॅग लावलेला. डोळे उघडल्यावर पुढचं कडं दर वेळी तळाशी अर्धं लपलेलं. म्हणजे मी इतके दिवस मान ताणून वर बघत होतो, आणि ती सवय आहे असं समजत होतो. लांब मानेला तो चीकपीस फारच खाली आहे. वर केल्यावर डोकं आपोआप सैल पडलं.

थ्री पोझिशनच मारायचं आहे, म्हणून पहिला पर्याय सोडला. आता प्रश्न दोन आणि तीनमधला. लॅमिनेटचा हातात धरायला छान वाटतो, पण त्याचा ग्रिप पक्का आहे, हलत नाही. अ‍ॅल्युमिनियममध्ये ग्रिप पुढे-मागे होतो आणि फिरतोही. ग्रिप हलणं खरंच इतकं गरजेचं आहे का?

---

पेचकस

बोट बघून ठरव. पोझिशन घे, उजवा हात ग्रिपवर नेहमीसारखा ठेव, तर्जनी ट्रिगरवर. पहिल्या पेराचा मध्य ट्रिगरवर यायला हवा आणि बोटाचा पुढचा भाग नळीला साधारण काटकोनात. बोटाचा मधला भाग स्टॉकला घासता कामा नये. मग दाब सरळ मागे येतो. पेराच्या सांध्यावर ट्रिगर येत असेल तर ग्रिप फार जवळ आहे, टोकावर येत असेल तर फार लांब.

हे दोन्ही स्टॉकवर करून पाहा आणि गोळी न मारता ट्रिगर दाबताना पुढच्या कड्याकडे लक्ष दे. सुटण्याच्या क्षणी कडं दर वेळी एकाच बाजूला उडत असेल तर दाब तिरका येतोय. फक्त .22 वर रिकामा ट्रिगर दाबण्याआधी त्या रायफलला ते चालतं का हे माहितीपुस्तिकेत बघ. काही रिमफायर (.22 सारख्या, काडतुसाच्या कडेवर आघात करणाऱ्या) रायफलींमध्ये फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते आणि कड चेपते. तिथे डमी काडतूस वापर.

लॅमिनेटच्या पक्क्या ग्रिपवर बोट बरोबर बसलं तर तोच घे, हलणाऱ्या भागांची संख्या कमी तेवढी डोकेदुखी कमी. कित्येक मॅच ट्रिगरमध्ये ट्रिगरचं पातंच पुढे-मागे सरकतं, तेवढ्याने काम भागतं का तेही बघ.

---

जुना खांदा

ग्रिपच्या कोनाबद्दल एक. प्रोनमध्ये तू सरळ मागे झोपतोस, म्हणजे उजवं कोपर बऱ्यापैकी शरीराजवळ येणार. अशा माणसाला उभा, सरळ खाली जाणारा ग्रिप मनगटाला सोपा पडतो. कोपर बाहेर काढून मारणाऱ्याला किंचित मागे कललेला चांगला. मनगट मागून बघायला कुणाला तरी सांग. हात आणि मनगट सरळ रेषेत दिसलं पाहिजे. तिथे घडी पडत असेल तर अर्ध्या तासात तर्जनी जड होते.

आणि खांदा. बटप्लेटचा वक्र खांद्याच्या खोबणीत पूर्ण टेकतो का, की फक्त वरचं किंवा खालचं टोक? एकच टोक टेकलं की दर वेळी वेगळं टेकतं.

---

अनुष्टुभ

दोन्ही स्टॉक जॅकेट घालून तपासले, मनगटाचं मागून बघून घेतलं. लॅमिनेटवर प्रोनमध्ये बोट छान बसतं, पण उभ्यात हात आखूड असल्याने अख्खी रायफल जवळ घ्यावी लागते आणि तिथे ट्रिगर सांध्यावर येतो. ट्रिगरचं पातं पूर्ण पुढे सरकवूनही. मनगटालाही घडी. अ‍ॅल्युमिनियमवर ग्रिप मागे घेतल्यावर दोन्हीकडे जमलं, आणि फोरएंडखाली ब्लॉक लावायची सोयही त्यातच आहे. मी तिसरा घेतोय.

लाकूडवेडा, राग मानू नका.

---

लाकूडवेडा

राग कसला! तुझ्या हाताने आणि कोपराने निर्णय दिलाय, माझं लाकूड त्यापुढे काय बोलणार. उलट कारण देऊन निवडलंस याचा आनंद आहे. फक्त थंडीत धातूला गाल लावू नकोस, चीकपीसवर कातड्याचं किंवा लाकडाचं आवरण असलेला घे.

---

तीन आसनी

अभिनंदन! पहिला महिना तिन्ही पोझिशन लावण्यात जाईल, गुणांकडे बघू नकोस. आधी प्रोन पक्की कर, तिथे शरीर सगळ्यात स्थिर असतं, म्हणून बदलाचा परिणाम स्वच्छ दिसतो. मग नीलिंग, उभं सगळ्यात शेवटी.

---

पेचकस

अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये बसवताना दोन्ही स्क्रू टॉर्क रेंचनेच (आवळायचा जोर मोजणाऱ्या पान्याने), उत्पादकाने दिलेल्या आकड्यावर. आधी दोन्ही हलके लाव, रायफल उभी धरून बट जमिनीवर हळूच टेकव म्हणजे अ‍ॅक्शन मागे बसेल, मग थोडं थोडं आलटून पालटून आवळ. एकच पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलास तर अ‍ॅक्शनला पीळ बसतो. पहिल्या शे-दोनशे गोळ्यांनंतर पुन्हा तपास. आणि चीकपीस किंवा साइटचा राइझर हलवलास की दर वेळी झीरो (साइटची जुळवणी) नव्याने घे, आधीचा आकडा चालणार नाही.